मोठं झालेलं हृदय



तीन-साडेतीन महिने इथे काहीच लिहिलं नाही. नेहमीच्या वाचकांपैकी दोघा-तिघांनी मेल पाठवून चौकशी केली. पुण्याच्या पुतण्याने तर फोन करून विचारलं, "काका, लेखणी वाळली की काय?" लेखणी वाळली नव्हती, लिहिणाऱ्याला दम लागत होता. आता जरा बरं आहे, तेव्हा काय झालं ते एकदाच सविस्तर लिहून टाकतो. प्रत्येकाला फोनवर तीच कहाणी सांगायचा कंटाळा आलाय हे एक कारण. दुसरं म्हणजे, यात माझी एक चूक आहे आणि ती मी फोनवर कुणालाच सांगितलेली नाही.

आमच्या दिघ्यात सकाळी फिरायच्या दोन वाटा. एक ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने, ट्रकांचा धूर खात. दुसरी इलठणपाड्याकडे चढत जाणारी, जिथे रेल्वेचं ब्रिटिशांच्या काळातलं धरण आहे. मी दुसऱ्या वाटेचा. गेल्या पावसाळ्यानंतर त्या चढावर मी एकदा थांबायला लागलो, मग दोनदा, मग तीनदा. थांबलो की बुटाची नाडी बांधायचं सोंग करायचो. रात्री एक उशी पुरेना, दोन झाल्या. संध्याकाळी घोट्याशी बोट दाबलं की खळगा पडायचा. वय झालं, असं म्हणून मी सोडून दिलं. हिने मात्र सोडलं नाही. धरून डॉक्टरांकडे नेलं.

ईसीजी झाला, इको झाला. रिपोर्टात दोन गोष्टी होत्या. एक, डावा कप्पा मोठा झालेला. दुसरी, इजेक्शन फ्रॅक्शन ३० टक्के.

घरी आल्यावर ही म्हणाली, "तुमचं मन मोठं आहे हे मला ठाऊक होतं, पण हृदयही मोठं निघालं!" हसलो आम्ही दोघं. पण तिचे डोळे हसत नव्हते, ते मला दिसलं. भाच्याला कळवलं तर तो म्हणाला, "मामा, पैलवानांचं हृदय मोठंच असतं. काळजी करू नका."

भाचा अगदीच चुकीचं बोलत नव्हता. पैलवानाचं, लांब पल्ल्याच्या धावपटूचं हृदय खरंच मोठं होतं. स्वीडनमधल्या हेन्शेन नावाच्या डॉक्टरांनी १८९९ साली बर्फावरून घसरत शर्यती करणाऱ्यांची छाती बोटांनी ठोकून हे ओळखलं होतं. गरोदर बाईचं हृदयही काही महिने मोठं होतं आणि बाळंतपणानंतर मूळपदावर येतं. पण या मोठेपणात मधे मधे विसावा असतो. पैलवान तालमीतून बाहेर येतो, खुराक खातो, झोपतो. माझ्या हृदयाला गेली कित्येक वर्षं तालमीतून सुट्टीच मिळाली नव्हती. त्याचं कारण होतं रक्तदाब.

रक्तदाब मला नोकरीत असतानाच निघाला होता. शाळेत तपासणीचं शिबिर होतं, तेव्हा कळलं. गोळी सुरू झाली. निवृत्त झालो आणि वाटलं, आता कसला ताण? ना पेपर तपासणी, ना मुख्याध्यापकांच्या सभा. काही दुखतही नव्हतं. गोळी हळूहळू बंद केली. लोणचं, पापड, सुके बोंबील मात्र चालू राहिले. रक्तदाबाचं हेच तर वाईट. दाढ दुखली की माणूस रात्रीच दवाखाना शोधतो, पण दाब वाढला तर कुठेच काही दुखत नाही.

मी मराठी आणि इतिहास शिकवणारा बी.ए. माणूस. शास्त्राचा तास दुसऱ्याचा. पण या तीन महिन्यांत भाच्याने पाठवलेलं, डॉक्टरांनी समजावलेलं आणि नेटवर वाचलेलं असं बरंच डोक्यात गेलं. मला समजलं तसं सांगतो.

आपलं हृदय साधारण पाव किलोहून थोडं जास्त, मुठीएवढं. दिवसाला सुमारे १ लाख ठोके देतं आणि सात हजार लिटरच्या आसपास रक्त पुढे ढकलतं. दाब जास्त असेल तर प्रत्येक ठोक्याला त्याला जास्त जोर लावावा लागतो. मग ते काय करतं? हमालाच्या दंडासारखी त्याची भिंत जाड होते. सुरुवातीला हा शहाणपणाच असतो, कारण जाड भिंतीत ताण वाटला जातो. पण हे वर्षानुवर्षं चाललं की पेशी थकतात, काही मरतात, त्यांच्या जागी चिवट धागे येतात आणि कप्पा सैलावत जातो. झडप गळत असली तर रक्त मागे येऊन साठतं आणि तेव्हाही कप्पा असाच पसरतो.

आता कप्पा पसरला की नवी पंचाईत. मुठीत लिंबू सहज पिळता येतं. तेवढ्याच जोरात मोसंबं पिळून बघा. आतला दाब तोच ठेवायचा तर पोकळी जितकी रुंद, तितका भिंतीवर ताण जास्त. लाप्लास नावाच्या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाचा हा नियम आहे. म्हणजे ओझ्यामुळे हृदय मोठं होतं आणि मोठं झाल्यामुळे ओझं आणखी वाढतं. सावकाराच्या व्याजासारखं.

आणि इजेक्शन फ्रॅक्शन म्हणजे, कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती बाहेर पडलं त्याची टक्केवारी. निरोगी माणसातही ती शंभर नसते, साधारण ५५ ते ७० असते. माझी ३०. आमच्या हिशोबात पास व्हायला ३५ लागतात. आयुष्यभर दुसऱ्यांना नापास केलं, सत्तरी ओलांडल्यावर स्वतः झालो!

पण मला सगळ्यात नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. हृदयाला शक्ती येते कुठून?

शरीरात सगळी कामं एटीपी नावाच्या रसायनावर चालतात. ते म्हणजे खिशातली सुट्टी नाणी. हृदय दिवसाला ६ किलोहून जास्त एटीपी तयार करतं आणि वापरून टाकतं, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या वीसपट! आणि शिल्लक किती? काही ठोक्यांपुरती, दहाएक सेकंदांची. हातावर पोट असलेल्या माणसासारखं आहे ते. आज कमावलं तर आज खाल्लं. हे एटीपी बनवायला निम्म्याहून जास्त इंधन चरबीतून येतं, बाकीचं साखर वगैरेंतून. आणि नाणी कमी पडली तर लगेच मोडायला एक छोटी नोट जवळ असते, तिचं नाव फॉस्फोक्रिएटिन.

ही नोट शोधली कोणी? १९२७ साली अमेरिकेत हार्वर्डमध्ये फिस्क आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव या दोघांनी. आणि १९२९ मध्ये त्यांनीच एटीपीही वेगळं काढलं, त्याच सुमारास जर्मनीत लोमान यांनीही. सुब्बाराव आंध्रातले, भीमवरमचे. तिकडे पोट भरायला त्यांनी बोस्टनच्या एका रुग्णालयात रात्री हमालीचं काम केलं होतं. १९४८ साली ते वारले आणि १९९५ मध्ये आपल्या सरकारने त्यांचं तिकीट काढलं. सदतीस वर्षं मुलांना भारतातल्या थोर माणसांची यादी पाठ करायला लावली, त्यात हे नाव कधी आलं नाही याची लाज वाटली. असो.

तर मोठ्या झालेल्या, थकलेल्या हृदयात ही कमाई घटते. ते चरबी नीट जाळू शकत नाही आणि साखरेकडे जास्त वळतं, गर्भातल्या बाळाच्या हृदयासारखं. पुढे पुढे तेही पुरत नाही. आजार खूप पुढे गेला की एटीपी निरोगी हृदयाच्या साठ-सत्तर टक्क्यांवर येतं आणि फॉस्फोक्रिएटिन तर त्याही आधी आणि त्याहून जास्त कमी होतं. म्हणजे सुट्टी नाणी संपायच्या आधी नोट मोडून झालेली असते. जर्मनीतल्या वुर्झबर्गच्या डॉक्टरांनी पसरलेल्या हृदयाच्या ३९ रुग्णांमध्ये चुंबकीय तपासणीने या दोन्हींचं प्रमाण मोजलं होतं. १९९७ मध्ये त्यांनी लिहिलं की ज्यांची ही नोट कमी, ते पुढच्या काही वर्षांत जास्त दगावले.

मला यातून एवढं कळलं की माझं हृदय आळशी नव्हतं. ते कमी कमाईत जास्त काम करत होतं.

हे मला आधी कळलं असतं तर पुढची चूक झाली नसती.

डॉक्टरीणबाईंनी चार गोळ्या लिहून दिल्या होत्या. माझ्या नातीपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठ्या असतील, पण समजावून सांगायची हातोटी चांगली. एक गोळी दाब उतरवणारी, एक लघवीवाटे पाणी काढणारी, एक मुळात मधुमेहाची पण आता थकलेल्या हृदयालाही देतात ती, आणि एक अर्धी गोळी नाडी मंद करणारी. घरी येऊन मी त्या अर्ध्या गोळीचं नाव नेटवर टाकलं. तिथे लिहिलेलं, ही हृदयाचा जोर कमी करते. मी म्हटलं, हे काय? मुळात जोर नाही म्हणून तर दम लागतोय आणि वर आणखी कमी करायचा? पहिल्या चार दिवसांत मला थोडं गळल्यासारखंही वाटलं. झालं, माझी खात्रीच पटली. ती अर्धी गोळी मी रोज सकाळी तोंडात टाकायचो आणि हिची पाठ वळली की बेसिनमध्ये थुंकायचो. जवळजवळ महिनाभर. आणि वर हृदय मजबूत करायला म्हणून इलठणपाड्याचा चढ रोज थोडा जास्त चढायचो.

एका रात्री दीडच्या सुमाराला जाग आली ती श्वास मिळत नाही म्हणून. आडवं होता येईना. छातीत घरघर. खिडकीशी बसून, गज धरून श्वास ओढत होतो. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. शेजारच्या दोन मुलांनी खुर्चीत बसवून खाली आणलं. एक जण पुढून, एक मागून आणि ही चपला न घालता मागोमाग. ठाण्याच्या इस्पितळात पाच दिवस होतो. फुप्फुसात पाणी झालं होतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा ही घरी गेली होती. मी त्यांना गोळीचं खरं सांगितलं. वाटलं रागावतील. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "काका, तुम्हाला जे वाटलं तेच पूर्वी सगळ्या डॉक्टरांनाही वाटायचं. आमच्या जुन्या पुस्तकांत लिहिलं होतं, थकलेल्या हृदयाला ही गोळी देऊ नये."

मग त्यांनी सांगितलेलं मी नंतर नीट वाचून काढलं. १९७५ साली स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या डॉक्टरांनी अशा फक्त ७ रुग्णांना नाडी मंद करणारी औषधं दिली आणि ते सुधारले. फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. त्या काळात भर होता तो हृदयाला जोर आणणाऱ्या औषधांवर. त्यातल्याच मिलरिनोन नावाच्या गोळीची १,०८८ रुग्णांवर चाचणी झाली आणि १९९१ मध्ये निकाल आला. हृदय जोरात चालायचं खरं, पण गोळी घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण २८ टक्क्यांनी जास्त! उलट १९९९ मध्ये नाडी मंद करणाऱ्या बिसोप्रोलॉलची २,६४७ रुग्णांवरची चाचणी मधेच थांबवावी लागली, कारण गोळी घेणाऱ्यांत मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी दिसले. मेटोप्रोलॉलचंही त्याच वर्षी तसंच निघालं. पहिले काही दिवस गळल्यासारखं वाटतं, म्हणून अगदी थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवतात. महिने गेले की पसरलेला कप्पा पुष्कळांमध्ये थोडा आवळतो आणि टक्केवारी वर येते.

बाई उठताना म्हणाल्या, "तुमच्या हृदयाला जोर नकोय काका, उसंत हवी आहे."

लहानपणी गावाला दमलेला बैल औताला बसला की चुलते त्याला पराणी टोचायचे. बैल उठायचा. चार पावलं चालायचाही. मग पुन्हा बसायचा. पराणीने बैलाच्या पोटात वैरण जात नाही, हे सांगायला स्वीडनचे डॉक्टर कशाला हवेत? पण बैलाचं कळतं ते स्वतःचं कळत नाही.

त्या रात्री इस्पितळात झोप आली नाही आणि मला एक मुलगा आठवला. पंचवीस-एक वर्षं झाली असतील. नववीत होता. पहिल्या तासाला रोज डुलक्या घ्यायचा. मी त्याला बाकावर उभा करायचो. दोन-तीनदा छडीही दिली. छडी दिली की तो ताठ बसायचा, डोळे मोठे करून फळ्याकडे बघायचा. मला वाटायचं, बघा, जमतंय की! दिवाळीनंतर तो शाळेत आलाच नाही. नंतर कळलं, वडिलांची कंपनी बंद पडली होती आणि तो रात्री रस्त्यावरच्या टपरीवर काम करून पहाटे दूध टाकायला जायचा. आमच्या या पट्ट्यात तेव्हा कंपन्या बंद पडणं नवीन नव्हतं. मी नुसतं विचारलं असतं तरी कळलं असतं. मी त्याच्यात जिद्द नाही असं समजलो. त्याच्यात झोप नव्हती. आज तो चाळिशीचा असेल. कुठे आहे माहीत नाही.

हे कशाला लिहिलं? राहवलं नाही म्हणून.

आता ज्यांची हृदयं गोळ्यांच्याही पलीकडे गेलेली असतात, त्यांचं काय, हा प्रश्न त्या पाच दिवसांत माझ्याही मनात येऊन गेला. आपल्या मुंबईत केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातलं पहिलं हृदयारोपण केलं होतं. दक्षिण आफ्रिकेत बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं केलं त्याला तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासांतच गेला. मुंबईत यशस्वी हृदयारोपण व्हायला ४७ वर्षं लागली. ऑगस्ट २०१५ मध्ये बदलापूरच्या एका तरुणाला पुण्याच्या एका बाईंचं हृदय मिळालं. ते विमानाने मुंबईला आलं आणि पोलिसांनी मोकळ्या केलेल्या रस्त्याने मुलुंडच्या फोर्टिसमध्ये पोचलं. डॉ. अन्वय मुळे यांनी ते बसवलं. मुलुंड म्हणजे आमच्या ऐरोली पुलाच्या पलीकडे. तेव्हा पेपरात वाचून कौतुक केलं होतं आणि पान उलटलं होतं. आता पुन्हा आठवलं ते वेगळ्या कारणाने. त्या मुलाचं हृदयही असंच पसरलेलं होतं. कुणाच्या तरी घरच्यांनी ऐन दुःखात "घ्या" म्हटलं म्हणून तो उठला. माझ्यावर ती वेळ नाही आणि या वयात येऊही नये. पण हिने आणि मी दोघांनी अवयवदानाचा अर्ज भरायचं ठरवलंय. माझं हृदय कुणी घेणार नाही म्हणा, पण डोळे चांगले आहेत!

सध्याचा दिनक्रम असा. सकाळी उठल्यावर वजन करतो आणि कॅलेंडरवर लिहितो. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगात साठलेलं पाणी, लगेच फोन करायचा अशी ताकीद आहे. मीठ कमी. लोणच्याची बरणी हिने माळ्यावर टाकलीय. बोंबलांचा वास शेजारून येतो तेवढ्यावर समाधान. अर्धी गोळी आता एक झालीय आणि ती मी हिच्यासमोर, पाण्याबरोबर गिळतो. बेसिनची गोष्ट तिला इस्पितळातून आल्यावर सांगितली. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहा ठेवताना एवढंच म्हणाली, "मला का नाही सांगितलंत?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

फिरणं बंद नाही. डॉक्टरीणबाईंनीच चाला म्हटलंय, पण सपाटीवर आणि बोलता येईल इतक्याच वेगाने. म्हणून सध्या आम्ही दोघं दिघा गाव स्टेशनच्या बाजूला जातो. २०२४ च्या जानेवारीत ते सुरू झालं, तोवर आम्हाला गाडीसाठी ऐरोली नाहीतर ठाणं गाठावं लागायचं. वाटेत दम लागला की मी थांबतो. बुटाची नाडी बांधायचं सोंग करत नाही. नुसता थांबतो.

नातेवाईक मंडळींना एक विनंती. आपल्या घराण्यात रक्तदाब आहे. आमचे वडील, आत्या, थोरले बंधू, सगळ्यांना होता. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने या महिन्यात दाब मोजून घ्या आणि गोळी चालू असेल तर बरं वाटतंय म्हणून बंद करू नका. कुठल्याही गोळीबद्दल शंका आली तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. माझ्यासारखं नेटवरचं एक वाक्य वाचून बेसिन गाठू नका. घरात कुणी दमल्यासारखं वागत असेल तर त्याला आळशी म्हणायच्या आधी एकदा बसवून विचारा.

पुढच्या महिन्यात पुन्हा इको आहे. ३५ च्या वर गेलो तर पास. आकडा काय येईल तो इथे कळवीनच.